शिडावरचा नंबर
ओमानच्या वाहननोंदणीची गोष्ट आणि आपले गिरमिट

मस्कतला नोकरीसाठी आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच गाड्यांच्या नंबरपाट्या वाचायला शिकतो. खासगी गाडीची पाटी पिवळी, टॅक्सी किंवा ट्रकसारख्या धंद्याच्या गाडीची लाल. पाटीवर जास्तीत जास्त पाच आकडे, सोबत एक-दोन अक्षरे, आणि हे सारे दोनदा लिहिलेले: एकदा अरबीत, एकदा इंग्रजीत. अरबी आकडे आपल्याला अगदीच परके वाटत नाहीत. दोन आणि तीन यांचे वळण देवनागरीच्या जवळचे आहे. फसगत होते ती पाचाशी. तो आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. गंमत अशी की अरब लोक या आकड्यांना ‘हिंदी आकडे’ म्हणतात, कारण ते आपल्याकडून तिकडे गेले.

मीही असाच त्या पाट्या वाचायला शिकलो. पण नंबर म्हटला की मला आधी आठवतो तो वेगळाच. आमच्या घरातला जो मूळ पुरुष मुंबईहून जहाजात बसला, त्याचा गिरमिटाचा नंबर आजीला तोंडपाठ होता. त्याच्या गावाचे नाव तिला धड सांगता येत नसे. नंबर मात्र ती एकही आकडा न चुकता सांगे. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच असेल.

म्हणून मस्कतमध्ये असताना एक प्रश्न मनात राहिला. या देशात वाहनावर नंबर पहिल्यांदा कधी आला, आणि कशासाठी? मोटारीवर कधी आला ते शोधायला गेलो आणि पोहोचलो गलबताच्या शिडापाशी. त्या शिडाचा आपल्या पूर्वजांशी किती जवळचा संबंध आहे हे वाचल्यावर वाटले, आगमन-शताब्दीच्या या स्मरणिकेत ही गोष्ट सांगायला हवी.

समुद्र हाच रस्ता

ओमानच्या पाठीशी उघडे डोंगर आणि वाळवंट, पुढे समुद्र. त्यामुळे शेकडो वर्षे या देशाचे खरे वाहन गलबत हेच होते. मस्कतच्या आग्नेयेला सूर नावाचे बंदर आहे. तिथली खाडी आत वळलेली, सुरक्षित. तिच्या काठावर आजही लाकडी गलबते बांधली जातात, आणि १९५१ साली तिथेच बांधलेले ‘फतह अल-खैर’ हे मोठे जुने गलबत जतन करून लोकांना पाहायला ठेवले आहे. सूरला आपल्या किनाऱ्यावरून सागवान जात असे. कोकणातला सुतार तिथे उभा राहिला तर त्याला लाकूडही ओळखता येईल आणि कामही.

या गलबतांचे वेळापत्रक वाऱ्याचे होते. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ती आफ्रिकेच्या किनाऱ्याने झांझिबारपर्यंत उतरत आणि नैर्ऋत्येचा वारा फिरला की परत येत. काही गलबते खजूर आणि सुकी लिंबे घेऊन मुंबईला आणि मलबारला येत, परतताना तांदूळ आणि लाकूड नेत. नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होतो हे आपल्याला जसे शिकवावे लागत नाही, तसेच सूरच्या माणसालाही ऋतू शिकवावे लागत नसत.

अशा गलबताला नंबर नव्हता. त्याची ओळख म्हणजे त्याचा नाखवा. बंदरात शिरताना शिडाची ठेवण आणि नाळेचा आकार पाहूनच लोक सांगत, हे अमक्याचे गलबत. आपल्या गावात बैलगाडीला नंबर नसे, तरी ती कुणाची हे सगळ्यांना माहीत असे, तसेच हे. वाहनावर खूण घालण्याची गरज पडली ती आतल्या मालामुळे. तो माल म्हणजे माणसे होती.

निशाणाची ओढाताण

सूरच्या गलबतांतून खजूर, मासे, मीठ जाई, तशी आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसेही येत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मस्कतच्या राज्यकर्त्यांशी १८२२, १८४५ अशा टप्प्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार केले. १८७३ मध्ये सर बार्टल फ्रियर हे त्याच कामासाठी झांझिबारहून मस्कतला आले आणि एप्रिल महिन्यात सुलतान तुर्की बिन सईद यांच्याशी नवा करार झाला. हे फ्रियर त्याआधी मुंबईचे गव्हर्नर होते. या करारांमुळे इंग्रज आरमाराला ओमानी गलबते अडवून तपासण्याचा हक्क मिळाला होता.

पण हा हक्क गलबताच्या निशाणावर अवलंबून होता. सुलतानाचे लाल निशाण असेल तर तपासता येई. फ्रान्सचे तिरंगी निशाण असेल तर हात लावता येत नसे, कारण आपल्या निशाणाखालचे जहाज इंग्रजांनी तपासावे हे फ्रान्सला कधीच मान्य नव्हते. शिवाय मस्कत आणि फ्रान्स यांच्यात १७ नोव्हेंबर १८४४ रोजी मैत्रीचा आणि व्यापाराचा करार झालेला होता. सूरच्या नाखव्यांनी यातली मेख ओळखली. हिंदी महासागरातल्या फ्रेंच वसाहतींत आणि बंदरांत जाऊन त्यांनी कागद मिळवले, डोलकाठीवर फ्रेंच निशाण चढवले. सगळेच गुलाम वाहत होते असे नाही. कुणाला जकातीचा जाच चुकवायचा होता, कुणाला इंग्रजांची कटकट नको होती. पण ज्याला माणसे लपवून न्यायची होती, त्याला या कागदासारखे दुसरे कवच नव्हते.

इथे आपली गोष्ट येऊन मिळते. हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवर उसाचे मळे होते. फ्रान्सने १८४८ मध्ये गुलामी बंद केली, पण मळ्यांना हात हवेच होते. तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे ‘करारबद्ध’ म्हणून आणण्याची पद्धत निघाली. कागदावर ती स्वतंत्र मजूर होती, प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळ विकत घेतलेली. इंग्रजांनी ओरड केली. शेवटी तोडगा निघाला तो असा: फ्रान्सने आफ्रिकेतली ही भरती थांबवायची आणि त्याच्या बदल्यात फ्रेंच वसाहतींना ब्रिटिश हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेण्याची मुभा मिळायची. १८६० आणि १८६१ च्या करारांनी हे ठरले. आपल्या बेटाशेजारच्या रीयुनियनला हिंदी मजूर गेले ते याच सौद्यातून.

आफ्रिकेचा माणूस मिळेना म्हणून हिंदी माणूस, असा तो सरळ हिशेब होता. मॉरिशसचा हिशेबही फार निराळा नव्हता. तिथे १८३४ च्या नोव्हेंबरात ‘ॲटलस’ जहाजातून हिंदी मजूर उतरले आणि तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, गुलामी संपली. आपले पूर्वज ज्या मळ्यांत उभे राहिले, तिथे आधी उभी असलेली माणसे याच समुद्रावरून आणली गेली होती.

मुंबईच्या धक्क्यावर तर दोन्ही वाटा एकमेकींना ओलांडत होत्या. आरमाराने गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी माणसांपैकी काहींना मुंबईला आणत. मुलांना नाशिकला, शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात ठेवत आणि तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकवत. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यावर पोहोचवणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा याच नाशिकच्या शाळेत शिकलेला. सोडवलेल्यांपैकी काहींना मॉरिशसला आणि सेशेल्सलाही नेऊन उतरवले. आणि त्याच मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची, कोकणातली आपली माणसे उसाच्या मळ्यांकडे निघत होती.

ब्रुसेल्सचे शंभर कलमांचे पुस्तक

निशाणाच्या या लपंडावाला आळा घालण्यासाठी ब्रुसेल्स येथे परिषद भरली. युरोपातील राष्ट्रांबरोबर अमेरिका, तुर्कस्तान, इराण आणि झांझिबार हेही तिथे होते. २ जुलै १८९० रोजी शंभर कलमांच्या करारावर सह्या झाल्या. त्यातली तिसाव्या कलमापासूनची काही कलमे देशी गलबतांविषयी आहेत. ती आज वाचली तर एखाद्या परिवहन कार्यालयाच्या नियमांची आठवण होते.

निशाणाचा परवाना कुणाला मिळेल? गलबताचा मालक किंवा ते सजवून पाठवणारा माणूस त्या राष्ट्राचा प्रजाजन किंवा आश्रित असला पाहिजे. त्याची त्या भागात स्थावर मालमत्ता हवी, नाहीतर दंडाच्या वसुलीसाठी त्याने जामीन द्यायला हवा. त्याची वागणूक चांगली असावी आणि गुलामांच्या व्यापारासाठी त्याला पूर्वी शिक्षा झालेली नसावी. परवाना दर वर्षी नवा करून घ्यायचा. तो केव्हाही काढून घेता येईल. गलबताची ओळख पटेल एवढा तपशील त्यात लिहिलेला असावा आणि तो कप्तानाने जवळ बाळगावा.

आणि मग ती मुख्य अट. गलबताचे नाव आणि त्याची भारक्षमता मागच्या बाजूला लॅटिन लिपीत कोरून रंगवायची, आणि नोंदणीच्या बंदराची आद्याक्षरे व त्या बंदराच्या नोंदवहीतला अनुक्रमांक शिडांवर काळ्या रंगात छापायचा.

बंदराची अक्षरे आणि नोंदवहीतला नंबर. आपल्या गाडीच्या पाटीवर दुसरे काय असते? मोटारीच्या पाट्या यायच्या आधी, या समुद्रावरच्या गलबतांसाठी वाहनाचा नंबर असा कायद्यात लिहिला गेला. आज रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैच्या बंदरात गेलात तर मच्छीमार बोटींवर देशाची आणि राज्याची अक्षरे आणि पुढे क्रमांक असेच रंगवलेले दिसतात. त्या पद्धतीचे हे जुने रूप.

त्याच करारात माणसांविषयीही कलम आहे. गलबतावर आफ्रिकी उतारू घ्यायचे असतील तर कप्तानाने अधिकाऱ्याला कळवायचे आणि अधिकाऱ्याने त्या उतारूंना विचारून खात्री करायची की ते स्वखुशीने निघाले आहेत. हे वाचताना आपल्यापैकी कुणाच्याही अंगावर काटा येईल. कारण मुंबईतल्या आगारातही हाच प्रश्न आपल्या माणसांना विचारला जात होता: तू राजीखुशीने चालला आहेस ना? मागे कर्ज, दुष्काळ किंवा घरातले भांडण, बाजूला भरती करणारा मुकादम, समोर न समजणाऱ्या भाषेतला कागद. अशा वेळी ‘हो’ म्हणण्याला किती अर्थ असतो, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

हेगचा निवाडा

फ्रान्सने हा करार २ जानेवारी १८९२ रोजी मान्य केला, पण आपली जहाजे परक्या आरमाराने अडवण्याची कलमे सोडून. सूरच्या गलबतांवरचे तिरंगी निशाण त्यानंतरही फडकतच राहिले. १८९४ मध्ये मस्कतला फ्रेंच वकील येऊन बसला. इंग्रजांना या किनाऱ्यावर दुसरे कुणी नकोच होते. सुलतान फैसल बिन तुर्की यांनी फ्रेंचांना कोळसा साठवायला जागा देऊ केली, तेव्हा १८९९ मध्ये इंग्रजांनी मस्कतवर तोफा रोखून ती परत घ्यायला लावली. पुढे १९०३ मध्ये क्वारंटाइन मोडल्याच्या आरोपावरून फ्रेंच निशाणाच्या गलबतांवरच्या काही सूरकरांना सुलतानाने कैद केले. ती आमची माणसे आहेत, असे फ्रान्स म्हणाला. ती माझी रयत आहे, असे सुलतान म्हणाला. भांडण इतके वाढले की १३ ऑक्टोबर १९०४ रोजी दोन्ही मोठ्या राष्ट्रांनी ते हेगच्या लवादाकडे सोपवले.

तीन पंच बसले: ऑस्ट्रियाचे लामाश, अमेरिकेचे सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर आणि हॉलंडचे सावोर्निन लोमान. ८ ऑगस्ट १९०५ रोजी निकाल आला. २ जानेवारी १८९२ च्या आधी फ्रान्स आपल्या मर्जीने परवाने देऊ शकत होता, त्यामुळे तोवर दिलेले परवाने चालतील. त्यानंतर मात्र, ज्यांना आधीच परवाना आहे आणि जे १८६३ च्या आधीपासून फ्रान्सचे आश्रित आहेत, त्यांच्याशिवाय कुणालाही नवा परवाना नाही. परवाना असलेल्या गलबताला मस्कतच्या पाण्यात १८४४ च्या कराराप्रमाणे संरक्षण राहील. पण तो परवाना दुसऱ्या माणसाला देता येणार नाही आणि दुसऱ्या गलबतालाही लावता येणार नाही, मग ते गलबत त्याच मालकाचे का असेना. आणि गलबताला संरक्षण असले तरी त्याच्या मालकाला, नाखव्याला, खलाशांना किंवा त्यांच्या कुटुंबांना ते नाही. ती माणसे सुलतानाच्याच कायद्याखाली राहतील.

जगातल्या कुठल्याही परिवहन अधिकाऱ्याला हा निकाल कळेल. एका गाडीची पाटी दुसऱ्या गाडीला लावायची नाही, एवढेच त्यात आहे. नव्या परवान्यांचे दार बंद झाले, आणि जुनी गलबते व जुने नाखवे थकत गेले तसे ते निशाणही सूरच्या खाडीतून उतरत गेले.

पण निकालात एक गोष्ट नाही. ज्यांच्यामुळे शिडावर नंबर घालायची वेळ आली, ती तळाशी कोंबलेली माणसे त्यात नाहीत. त्यांची नावे नाहीत, संख्या नाही. लवादासमोर प्रश्न होता निशाणाचा आणि राज्यांच्या हक्काचा. गलबत कुणाचे हे ठरवण्यासाठी हेगला पंच बसले. माणूस कुणाचा, असा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आपला नंबर

आता आपल्या बेटाकडे पाहू. सूरच्या गलबतावर नंबर घालण्याच्या किती तरी वर्षे आधी आपल्या माणसांना नंबर मिळाले होते. पोर्ट लुईच्या आगारात, आज ज्याला आपण आप्रवासी घाट म्हणतो, पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकाची नोंद झाली: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव. सुमारे साडेचार लाख माणसे अशी नोंदवली गेली. मळ्यावर, दवाखान्यात, कोर्टात माणसाचे नाव हवे तसे लिहिले जाई. रामा, राम, रामाह, लिहिणाऱ्याला सुचेल तसे. नंबर मात्र बदलत नसे.

पुढे १८६७ च्या कायद्याने गिरमिट संपलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागला. तो नसला की भटक्या म्हणून अटक. गलबताच्या कप्तानाने परवाना जवळ ठेवावा असे ब्रुसेल्सला १८९० मध्ये ठरले. आपल्याकडे तो नियम त्याच्या तेवीस वर्षे आधी माणसाला लागू झाला होता. फरक एवढाच की कागद चुकला तर तिथे गलबत अडे, इथे माणूस तुरुंगात जाई.

याविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि खुणा होत्या. त्यामुळे १८७२ मध्ये चौकशीसाठी दोन कमिशनर आले. त्यांतल्या एकाचे नाव डब्ल्यू. ई. फ्रियर. तेही मुंबई सरकारच्या नोकरीतून आलेले. म्हणजे मुंबईहून गेलेला एक फ्रियर आपल्या बेटावर पासाच्या जुलमाची चौकशी करत होता, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचा दुसरा फ्रियर मस्कतला गुलामीविरुद्ध करार करत होता. हिंदी महासागराच्या दोन टोकांना एकाच काळात चाललेली ही दोन कामे फारशी कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. आपण ठेवून पाहिली पाहिजेत.

रस्ता आला

विसाव्या शतकात ओमानची गलबते मागे पडली, पण रस्ते मात्र लगेच आले नाहीत. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या राजवटीत, १९३२ ते १९७० या काळात, मस्कत शहराचे दरवाजे रात्री बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. मोटार आणायची तर सुलतानाची स्वतःची परवानगी लागे. बाजारात तेव्हा आपला रुपया चाले. १९७० मध्ये साऱ्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. जिथे रस्ताच नाही आणि मोटारी मोजक्या, तिथे पाटीची मातब्बरी ती काय? गाडी कुणाची हे सुलतानालाच ठाऊक असे, जसे पूर्वी गलबत कुणाचे हे बंदराला ठाऊक असे.

२३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस गादीवर आले. त्याच वर्षी ओमानमध्ये गुलामी कायद्याने संपली. हे वर्ष मी दोनदा तपासून पाहिले. १९७०! आपल्यातले कितीतरी वाचक तेव्हा शाळेत जात असतील. मग रस्ते झाले, सूर आणि सलालापर्यंत, डोंगर फोडून. गाड्या वाढल्या आणि रॉयल ओमान पोलिसांच्या वाहतूक विभागाकडे नोंदणीचे मोठे काम आले. १९९३ मध्ये वाहतुकीचा कायदा शाही फर्मानाने नव्याने झाला. पिवळी पाटी, लाल पाटी, अक्षरे आणि आकडे ही आजची घडी त्या वाढीतून बसत गेली.

आज नंबर हा मिरवण्याचाही विषय आहे. पाटीवर आकडे जितके कमी तितका मान मोठा. सोपे, जुळे आकडे मिळवायला लोक पैसे मोजतात. शेजारच्या अबू धाबीत २००८ मध्ये नुसता ‘१’ हा आकडा असलेली पाटी लिलावात ५ कोटी २२ लाख दिरहमना गेली. हे ऐकले तेव्हा मला आजी आठवली. आमच्या घरचा नंबर सहा आकडी होता आणि तो आम्हाला फुकट मिळाला होता.

लाल पाटीच्या ट्रकांकडे मात्र मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांतले पुष्कळ चालक आपल्या उपखंडातले असतात. घर दूर, मुले फोनवर. ते गिरमिटिया नाहीत. त्यांना पगार आहे, परतीची वाट आहे, कायदा आहे, आणि आपल्या पूर्वजांच्या हालांशी त्यांची बरोबरी करणे दोघांवरही अन्याय होईल. पण त्यांच्याही खिशात नंबराचे कार्ड असते आणि ते विसरून बाहेर पडता येत नाही. पहाटे रस्त्याकडेला ट्रक उभा करून चहा पिणारा असा कुणी मराठी बोलणारा भेटला, की मी त्याला आधी गाव विचारतो. नंबर कुणीही विचारतो, गाव आपण विचारायचे.

नंबरामागचे गाव

सूरच्या शिडावरचा नंबर वाऱ्यापावसाने पुसला गेला. त्या गलबतांतून गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांना आज आपले मूळ गाव शोधायचे असेल तर बहुतेकांच्या हाती काही लागत नाही, कारण नोंद गलबताची ठेवली गेली, माणसांची नाही. आपली नोंद ठेवली गेली ती प्रेमाने नव्हे. मजूर पळू नये, हिशेब चुकू नये म्हणून ठेवली. पण ती उरली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत नंबर घेऊन गेले की नाव सापडते, बापाचे नाव सापडते, काही वेळा फोटोही सापडतो, आणि त्याच ओळीत गाव व जिल्हा. ज्या आकड्याने आपल्या माणसाचे नाव झाकले, तोच आकडा आज त्याच्या नावापर्यंत नेतो.

आमच्या घरच्या नंबराने मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत नेले. आजीला जे सांगता येत नव्हते ते त्या ओळीत होते. ती असती तर मी तिला वाचून दाखवले असते.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने एकच विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना आपला नंबर विचारा आणि तो लिहून ठेवा. त्याच्याशेजारी नाव लिहा, आणि नावाशेजारी गाव. गाडीचा नंबर गाडी विकली की दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हा नंबर दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तो आपल्याच घरात राहिला आहे, आणि मुलांच्या हाती देताना तो नुसता देऊ नये.